गळा आणि घर

"मानूस कसा का असेना, गळा मात्र देवानं देल्ला होता."

आमच्या गावात शाहिरांचा विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य म्हणतंच. ऐकणारे माना डोलावतात आणि गप्पा पुढे सरकतात, एखाद्या कवनाकडे, कुठल्याशा मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, रंगलेल्या सवाल-जवाबाकडे. 'कसा का असेना' म्हणजे नेमका कसा, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना ते माहीत आहे.

कला आणि कलावंत वेगळे करता येतात का, यावर मी जमेल तेवढं वाचत आले आहे. त्यातलं बरंचसं लिखाण लांबून केलेलं वाटतं. पुस्तक हातात आहे, गाणं कानात आहे, आणि ज्यानं ते केलं तो माणूस दूर कुठेतरी राहतो किंवा केव्हाच मरून गेलेला आहे. त्याचं घर वाचणाऱ्यानं पाहिलेलं नाही. खेड्यात तशी सोय नसते. कलावंत समोरच्या घरात राहतो. रात्री त्याचं गाणं ऐकायचं आणि दुसऱ्या रात्री त्याच्या घरातून येणारा आवाजही ऐकायचा. म्हणून मला हा प्रश्न इथून मांडायचा आहे, भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या गावातून.

ज्यांनी खडी गंमत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. दिवाळी झाली, भाऊबीज उलटली की भंडारा-गोंदियाकडे मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, पाहुणेराऊळे येतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. खडी गंमत उभ्यानं चालते. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणं, डफ, झांजा, मागे झील धरणारे आणि बाईच्या वेशातला नाच्या, अशी आठ-दहा जणांची पार्टी. कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष. एका शाहिरानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा, तोही उभ्या उभ्या. त्यासाठी पुराण पाठ हवं, गावातली भानगड माहीत हवी आणि जिभेवर यमक हवं.

आमच्या शाहिरांना आम्ही पोरं मोठेबाबा म्हणायचो. नातं रक्ताचं नव्हतं, पण माझ्या बाबांपेक्षा ते मोठे, म्हणून मोठेबाबा आणि त्यांची बायको ती मोठी माय. शाळा चौथीपर्यंत झालेली. बाबा त्यांच्या पार्टीत तुणतुणं धरायचे आणि त्यांनी रचलेली कवनं वहीत उतरवून घ्यायचे, कारण शाहिरांना लिहिण्याचा कंटाळा होता. रचना डोक्यात तयार व्हायची, बांधीच्या धुऱ्यावर चालता चालता.

त्यांच्या गाण्यात काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. लेक सासरी निघाल्याचं त्यांचं एक कवन होतं. सुरुवात जोरात, ढोलकी चढलेली, डफ कडाडतोय. मग मध्येच शाहीर ढोलकीवाल्याकडे नुसतं बघायचे. ढोलकी थांबायची, डफ थांबायचा, मागे उरायची बाबांच्या तुणतुण्याची एक तार. शाहिरांचा डावा हात कानामागे जायचा आणि आवाज खाली यायचा, इतका खाली की गाणं आहे की बोलणं ते कळू नये: 'धानाची लोंबी वाकली माय, तशी मी वाकली त्यांच्या दारी.' तनसावर बसलेल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. मागे उभे राहिलेले, एरवी शिट्ट्या मारणारे पोट्टेही गप्प व्हायचे. वरच्या पट्टीत ओरडणारे शाहीर मी पुष्कळ ऐकले आहेत. ऐन भरात आवाज खाली उतरवण्याची हिंमत मी त्यांच्याच गळ्यात पाहिली. ते मोठे कलावंत होते. यात मला आजही शंका नाही.

आणि ते मोठ्या मायला मारायचे.

पिऊन मारायचे आणि न पिताही मारायचे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गावाला सगळं दारूवर ढकलता येतं. आमच्या आणि त्यांच्या घराच्या मध्ये फक्त एक गाडीवाट होती. भांडं भिंतीवर आपटल्याचा आवाज यायचा, पोरींचं रडणं यायचं. मोठ्या मायचा आवाज कधी आला नाही. सकाळी ती बोअरिंगवर यायची तेव्हा डोक्यावरचा पदर एका बाजूनं गालापर्यंत ओढलेला असायचा, आणि रांगेतल्या बायका तिला आधी पाणी भरू द्यायच्या. कोणी काही विचारायचं नाही. पुढे जायला जागा द्यायची, एवढंच.

हीच बाई मंडईच्या दिवसांत रात्री दोन-अडीचला चूल पेटवून पार्टीतल्या आठ-दहा माणसांना भात-वरण रांधून वाढायची. फेटा धुऊन, खळ देऊन, उन्हात ताणून वाळवायची ती. शाहिरांच्या गळ्यासाठी जेष्ठमध आणि खडीसाखरेची पुरचुंडी करून त्यांच्या बंडीच्या खिशात घालायची ती. गळा देवानं दिला असेल, पण तो राखला कोणी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मंडईत मात्र ती कधी दिसली नाही. लेक सासरी निघाल्याच्या त्या कवनावर अख्खा गाव रडला, आणि ते तिच्या नवऱ्याच्या तोंडून तिनं मंडपात बसून कधी ऐकलं नाही.

कायदा तेव्हा नव्हता असं नाही. बायकोच्या छळाबद्दलचं ४९८-अ हे कलम १९८३ साली आलं होतं. गावात पोलीस पाटील होते, पंच होते. तीच मंडळी मंडईच्या वर्गणीला आणि शाहिरांना सुपारी द्यायला पुढे असायची. माझे बाबा एरवी सज्जन माणूस. तेही म्हणायचे, "त्याच्या घरचं तो पाहीन." पार्टी मोडली असती तर बाबांची बिदागी गेली असती, ढोलकीवाल्याचीही गेली असती. धानाचं एकच पीक घेणाऱ्या घरात ती बिदागी म्हणजे हिवाळ्याचं तेल-मीठ होतं. ही अडचण मला समजते. खरी होती. पण तिची किंमत बाबांनी भरली नाही, मोठ्या मायनं भरली.

कलावंताचं वागणं बाजूला ठेवून कलेकडे पाहावं, असं कोणी म्हणतो तेव्हा त्याला वाटत असतं की आपण काहीतरी उदार, पुढारलेलं बोलतो आहोत. मला ते ऐकून गावच आठवतं. आम्ही तर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. फार बेमालूम करत आलो आहोत. शाहिरांची कला एका पारड्यात, घर दुसऱ्या पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्याकडे पाठ करून बसायचं. वेगळं करता येतं का, हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही. वेगळं केलेलंच होतं. प्रश्न असा आहे की ते कोणासाठी केलं जात होतं आणि कोणासाठी नाही.

झाडीपट्टीचं नाटक घ्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं मोठं केंद्र. पूर्वी बाईचं काम पुरुष करायचे, पुढे बाया आल्या. आमच्या गावच्या मंडईला नाटक ठरलं की कंपनीतल्या बायांची उतरायची सोय माझ्या आत्याकडे असायची, कारण तिचं घर मोठं. एका वर्षी रात्री जिच्या एका प्रवेशावर लोकांनी पैशांचा पाऊस पाडला, तिला सकाळी अंघोळीला शेजारच्या घरची न्हाणी मिळाली नाही. "नाटकवाली आहे," एवढंच कारण. तिनं कोणाला मारलं नव्हतं, कोणाला लुबाडलं नव्हतं. लेकरू माहेरी ठेवून ती रात्रीचं काम करायची. तिची कला आणि तिचं वागणं वेगळं करायला कोणी तयार नव्हतं. वागणं म्हणजे तरी काय, तर ती रात्री रंगमंचावर उभी राहते. तिची कला हाच तिचा गुन्हा ठरला होता.

ज्या गावानं मारणाऱ्या माणसाला 'कसा का असेना' म्हणून मोकळं सोडलं, त्याच गावानं त्या बाईला न्हाणी दिली नाही. त्यामुळे या तत्त्वाबद्दल मला राग आहे. ते तत्त्व म्हणून कधी वापरलंच गेलं नाही. पुरुषाला, मोठ्याला, आपल्यातल्याला सवलत, आणि बाईला, खालच्या जातीच्याला, परक्याला पूर्ण हिशेब, अशीच त्याची वाटणी होती.

जातीचा उल्लेख मी ओघात केलेला नाही. पठ्ठे बापूराव हे जन्मानं ब्राह्मण, तमाशात गेले म्हणून जातीबाहेर पडले. त्यांच्या फडात पवळा होती, महार समाजातली. त्यांच्या लावणीची थोरवी मराठीत सर्वमान्य आहे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केलं, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं. महार बायकांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. चळवळीला पैशांची किती गरज होती हे लक्षात घेतलं म्हणजे त्या नकाराचं वजन कळतं. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. लावणी चांगली की वाईट, या वादात न शिरता बाबासाहेबांनी विचारलं की ही कला कोणाच्या अंगावर उभी आहे. रसिक हा प्रश्न क्वचितच विचारतो. त्याला दिसते ती रंगलेली मैफल.

बी.ए.ला आम्हाला फडके-खांडेकर वाद होता, कलेसाठी कला की जीवनासाठी कला. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा. कलाकृतीनं समाजासाठी काही करावं का, यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली. कलावंताच्या घरात जे चालतं त्याचं काय, हे शिकवताना कोणी काढलं नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही.

विदर्भात याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरणही आहे आणि तेही आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात यायचे, आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या कीर्तनातून खराटा बाजूला काढून ठेवा, मग काय उरतं ते बघा. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी तशीच. त्यांचं भजन त्यांच्या जगण्याच्या भरवशावर उभं होतं. 'बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाऊले' हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. त्यामुळे जो उपदेश करतो त्याच्या वागण्याची झडती घेण्याचा हक्क इथल्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही.

मला वाटतं, इथे एक फरक करायला हवा. आमचे शाहीर सरकारी कार्यक्रमांतून हुंडाबंदीची, दारूबंदीची कवनंही म्हणायचे. चाली चांगल्या होत्या, शब्दही नेटके होते. मी ती कवनं ऐकूच शकत नव्हते. बायकोला लक्ष्मी मानावं, असं सांगणाऱ्या ओळीवर मला भिंतीवर आपटलेलं भांडं ऐकू यायचं. पण लोंबीची ओळ आली की गळा दाटून यायचा, आजही येतो. पहिल्या कवनात गाणारा स्वतःला तारण ठेवतो: माझं ऐका, कारण मी सांगतो आहे. तिथे माणूस खोटा निघाला की गाणंही खोटं पडतं. दुसऱ्यात तो फक्त एका लेकीचं दुःख आवाजात धरतो, आणि ते दुःख त्याच्या आधीही होतं, त्याच्यानंतरही राहणार आहे. म्हणजे एकाच माणसाची सगळी कला एका मापानं मोजता येत नाही. एक कवन त्याच्यासोबत बुडतं, दुसरं तरतं.

ती लोंबीची ओळ मुळात शाहिरांची तरी कुठे होती? रोवणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावताना आमच्याकडच्या बाया गाणी म्हणतात. एक म्हणते, बाकीच्या उचलतात. लोंबी, माय, सासरचं दार, हे सगळं त्या गाण्यांत आहे. शाहिरांची आई रोवण्याला जायची, मोठी माय जायची. ते तिथूनच आलं. त्यांनी त्याला चाल दिली, ढोलकी थांबवायची जागा शोधली. ते काम मोठंच. पण रोवणीच्या गाण्यांना, भुलाबाईच्या गाण्यांना, जात्यावरच्या ओव्यांना कोणाचं नाव नाही. नाव नाही म्हणून सत्कार नाही, आणि नाव नाही म्हणून माफीचा प्रश्नही नाही. शाहिरांच्या वागण्यासाठी ते कवन टाकून द्या, असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणेन. ज्या बायांनी ते चिखलात उभं राहून घडवलं त्यांचं ते आहे. एका माणसाच्या हाताच्या पापासाठी त्यांचं गाणं का फेकायचं?

दूरची दोन उदाहरणं मात्र मला जवळची वाटतात. एक कॅनडाच्या कथालेखिका अ‍ॅलिस मन्रो यांचं. खेड्यातल्या, छोट्या गावातल्या बायांच्या मनातलं इतकं बारकाईनं लिहिणारं दुसरं कोणी माझ्या वाचनात नाही. २०१३ साली त्यांना नोबेल मिळालं, मे २०२४ मध्ये त्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये त्यांची धाकटी लेक अँड्रिया स्किनर हिनं टोरांटोच्या एका वृत्तपत्रात लिहिलं, की १९७६ साली ती नऊ वर्षांची असताना सावत्र बापानं तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. १९९२ साली तिनं आईला पत्र लिहून सांगितलं. आई थोडे दिवस घर सोडून गेली आणि परत त्याच्याकडे आली. २००५ साली त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. म्हणजे नोबेलच्या आठ वर्षं आधी हे न्यायालयात नोंदलेलं होतं, घरात माहीत होतं, जवळच्या काही लोकांना माहीत होतं. जगाला कळायला आईच्या मरणापर्यंत थांबावं लागलं.

हे वाचलं त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे बोअरिंगची रांग आली. माहीत असलेले सगळे, आणि सगळे कलेच्या प्रेमापोटी किंवा भिडेपोटी गप्प. मन्रोबाईंच्या कथा मी अजूनही वाचते. त्यांच्या कथांतल्या बाया कुठे बोलायच्या थांबतात, ते आता मला आधीपेक्षा जास्त ऐकू येतं. पण त्या लेकीनं लिहिलेलं वाचून झाल्यावर 'आपण कलेकडे पाहू या' असं तिच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आधी तिचं ऐकून घ्यावं लागेल. किती वेळ? तिला पुरे वाटेपर्यंत.

दुसरं उदाहरण जर्मन संगीतकार वाग्नरचं. यहुद्यांविरुद्ध त्यानं १८५० साली विखारी निबंध लिहिला, आणि पुढे हिटलरचा तो लाडका संगीतकार झाला. इस्रायलमध्ये त्याचं संगीत जाहीरपणे न वाजवण्याचा अलिखित नियमच आहे. २००१ साली जेरुसलेममध्ये डॅनियल बेरनबॉइम या संचालकानं ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना विचारलं, वाग्नर वाजवू का? ज्यांना नको असेल त्यांनी जायला हरकत नाही. अर्धा तास सभागृहात वाद झाला. काही जण दारं आपटत निघून गेले. मग त्यानं वाजवलं. बरोबर की चूक, यावर तिथे अजून एकमत नाही. मला त्या अर्ध्या तासाचं अप्रूप आहे. विचारलं गेलं, आणि ज्यांच्या जखमा होत्या त्यांना तोंडावर 'नको' म्हणता आलं.

आमच्या गावात विचारण्याची वेळ आली ती शाहीर गेल्यावर. आमदार निधीतून चौकात पक्का रंगमंच बांधून झाला होता, आणि त्याला शाहिरांचं नाव द्यायचं असं ठरत आलं होतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. पुष्कळदा रजिस्टर घरोघर फिरून सह्या होतात. या वेळी अंगणवाडीच्या ताईंनी आग्रह धरला म्हणून सभा खरोखर बसली. शाळेच्या वर्गखोलीत, सतरंजीवर. मोठ्या मायची थोरली लेक माहेरी आलेली होती, पण तिचं मत सासरच्या गावी, म्हणून तिला इथे बोलायचा हक्क नव्हता. ती दाराशी उभी राहिली. विषय वाचून झाला. कोणी काही बोलेना. मंजूर असं लिहायला पेन टेकलं होतं.

मोठी माय बसल्या जागेवरूनच म्हणाली, "गाने म्हना बाप्पा, गाने कोनाच्या बापाचे नाहीत. पर त्याचं नाव तिथं लिहू नका. चक्कीवर दरन न्याले मी रोज तिथूनच जातो."

एवढंच. पुढे तिला बोलायला जमलं नाही. एक बाई म्हणाली, "मेल्या मानसाचं काहून काढतं आता?" त्यावर दुसरी, बोअरिंगच्या रांगेतली जुनी, उठून म्हणाली की मेल्या माणसाचं काढायचं नाही तर त्याचं नावही काढू नका. मग बाया बोलू लागल्या. सगळ्या मोठ्या मायच्या बाजूनं नव्हत्या. शाहिरांनी गावाचं नाव काढलं, गावाला कोण ओळखत होतं, असंही तावातावानं बोललं गेलं, आणि बोलणारी खोटं बोलत नव्हती. पण शेवटी महिला सभेचा ठराव विरोधात गेला. मोठ्या ग्रामसभेत पुरुषांनी आरडाओरडा केला, ठराव मात्र रेटता आला नाही. रंगमंचावर आज कोणाचंच नाव नाही. मंडई तिथेच होते आणि शाहिरांची कवनं तिथेच गाजतात.

मला मोठ्या मायच्या त्या तीन वाक्यांत माझ्या सगळ्या वाचनापेक्षा जास्त सापडलं. गाणं एक आणि मान दुसरा, हे तिनं वेगळं केलं. गाणं म्हणताना आपण गाणं वापरत असतो. भिंतीवर नाव लिहिताना, हार घालताना, पोरांना 'यांच्यासारखे व्हा' म्हणताना आपण माणूस वर चढवत असतो, आणि त्याच्या हातचा मार खाल्लेल्या बाईला रोज मान वर करून त्याच्याकडे पाहायला लावत असतो. गाण्यासाठी असं करायची काहीच गरज नाही. शाल-श्रीफळ मिळालं नाही म्हणून कोणतंही कवन बेसूर होत नाही.

त्यानंतर तिला टोमणेही ऐकावे लागले. शाहिरांना राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन मिळायचं. कलावंत गेल्यावर ते जोडीदाराला मिळतं, तसं ते तिच्या नावावर झालं. "त्याच्या गान्याचे पैसे चालतात आन् नाव नाही चालत," असं पारावर बोललं गेलं. मला या बोलण्याचा संताप आहे. रात्री अडीचला दहा माणसांचा भात कोण रांधत होतं? ज्या गळ्याला तुम्ही देवाचा म्हणता त्याला जेष्ठमध कोण पुरवत होतं? पार्टीतल्या प्रत्येकाला बिदागीतला वाटा मिळाला, तुणतुण्यालाही मिळाला, तिला एक पैसा मिळाला नाही. ते मानधन तिची इतक्या वर्षांची थकलेली मजुरी आहे, आणि तीही पुरती नाही. कला वेगळी, घर वेगळं म्हणणाऱ्यांना तिची ही मजुरी दिसत नाही, कारण ती घराच्या पारड्यात पडते. खरं तर ती कलेतच आहे.

आता साकोलीकडची काही तरुण पोरं जिल्ह्यातल्या जुन्या शाहिरांची कवनं छापायला निघाली आहेत. चांगलं काम आहे. बाबांच्या वह्या माझ्याकडे आहेत, निळ्या पुठ्ठ्याच्या, काही पानं वाळवीनं खाल्लेली, पण आमच्या शाहिरांची बहुतेक कवनं त्यात शाबूत आहेत. पोरांनी वह्या मागितल्या. मी द्यायला तयार आहे. त्यांना तीन गोष्टी सांगितल्या आहेत. कुठल्या ओळी रोवणीच्या गाण्यांतून आल्या ते त्या बायांना विचारून लिहायचं. ढोलकीवाल्यापासून नाच्यापर्यंत साथीदारांची नावं छापायची. आणि शाहिरांची ओळख लिहिताना घरात काय होत होतं ते एका साध्या वाक्यात लिहायचं, शिवी नाही, सारवासारवही नाही. पहिल्या दोन्हींना ते लगेच हो म्हणाले. तिसऱ्याला अडले. पुस्तकाला कमीपणा येईल, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पुढे कोणी पोर हे कवन वाचून या माणसाच्या पायाशी बसायला निघेल, त्याला निदान माहीत असावं.

पण ते वाक्य माझं किंवा त्या पोरांचं नाही. ते मोठ्या मायचं आहे, आणि तिला ते छापायचं नसेल तर मी आग्रह धरणार नाही. तिनं सोसलं ते माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून वापरायचा मला अधिकार नाही. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. तिनं वह्या हातात घेऊन पाहिल्या. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिला दोन कवनं वाचून दाखवली. लोंबीच्या ओळीला तिनं मला थांबवलं. म्हणाली, याच्यापुढे अजून एक कडवं आहे, ते त्यानं घेतलं नाही. त्यात लेक सासूला तोंडावर उत्तर देते. म्हणून दाखव म्हटलं, तर म्हणाली, एकटीनं नाही येत ते, मागून उचलायला बाया लागतात.

आणि त्या तिसऱ्या वाक्याचं? "धान कापून होऊ दे," म्हणाली, "मंग सांगतो." छपाई तोवर थांबणार आहे, तसं मी पोरांना कळवलं आहे.